गादमाश्या व त्यांच्या आश्रयी वनस्पती

गादमाश्या : कीटक वर्गाच्या डिप्टेरा (द्विपंखी) गणातील सेसिडोमायिडी कुलात मोडणाऱ्या, अतिशय लहान व डासासारख्या दिसणाऱ्या नाजूक माश्या. त्यांची लांबी सर्वसाधारणपणे १ ते ३ मिमी. असते. शृंगिका मण्यांच्या माळेसारख्या लांब, पाय बारीक व लांब आणि पंखांवरील शिरा मोजक्या असतात. शरीराचा रंग बहुधा नारिंगी, तांबूस किंवा पिवळसर असतो. प्रौढ माशीचे आयुष्य काही तासांपासून थोड्या दिवसांपर्यंतच असते व त्या काळात ती क्वचितच काही खाते. या कीटकाचे सारे पोषण अळीच्या अवस्थेत होते. जगात या कुलातील सु. ६,६०० जातींचे वर्णन झाले असून अद्याप वर्णन न झालेल्या जातींची संख्या त्याहून कितीतरी अधिक असली पाहिजे, असे तज्ञ मानतात.

पूर्व विदर्भातील भात पिकविणाऱ्या शेतकऱ्यांत, किडीमुळे नळीसारख्या झालेल्या पांढुरक्या पोंग्याला ‘गाद’ म्हणतात. त्यावरून ही विकृती घडविणाऱ्या माशीला ‘गादमाशी’ हे नाव पडले. पुढे ते तिळावरील व इतर वनस्पतींवरील जातींनाही लावले गेले. ज्वारी व आंब्याचा मोहोर यांवरील जातींना मराठी कृषी साहित्यात ‘मिजमाशी’ म्हणतात. या कुलातील सर्वच जाती गाठी निर्माण करीत नाहीत. काहींच्या अळ्या कवकांवर वाढतात, काही मावा व कोळी यांसारखे लहान जीव खातात, तर काही फुलांतील किंजपुटाचा रस शोषतात. तथापि वनस्पतीच्या जिवंत ऊतकाला वेगळे वळण लावून त्यातून आपले घर व अन्न करवून घेणे हेच या कुलाचे ठळक वैशिष्ट्य होय.

बहुतेक गादमाश्या एकाच जातीच्या किंवा परस्परांच्या जवळच्या नात्यातील वनस्पतींवर वाढतात. त्यामुळे त्यांचा इतिहास आश्रयी वनस्पतींच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. महाराष्ट्रात ही माशी कोठे, केव्हा व किती उपद्रवी ठरली हे पाहू गेल्यास, माणसाने पिकाचा वाण, पेरणीची वेळ किंवा सिंचनाची पद्धत बदलली तेव्हा तेव्हा माशीचे भाग्यही बदलले, असे दिसून येते. प्रस्तुत नोंदीत या संबंधाचा व त्याच्या अभ्यासाचा इतिहास दिला आहे.

गाठीची घडण : मादी आपली अंडी कळीत, कोवळ्या पानावर किंवा पानाच्या आवरकाजवळ घालते. अंड्यातून बाहेर पडलेली अळी वाढत्या ऊतकापर्यंत पोहोचते व तेथे लाळ सोडून रस शोषू लागते. त्या लाळेतील द्रव्यांमुळे वनस्पतीच्या कोशिकांचे विभाजन व वाढ नेहमीपेक्षा वेगळ्या रीतीने होऊन गाठ तयार होते. गाठीच्या आतील अस्तर पोषक द्रव्यांनी भरलेले असते व अळी त्यावर जगते. पूर्ण वाढलेल्या अनेक जातींच्या अळ्यांच्या वक्षाच्या खालच्या बाजूस फावड्यासारखे एक कठीण अंग असते. ते या कुलाची ओळख पटविण्यास उपयोगी पडते. गाठीचा आकार, रंग व जागा ही माशीच्या जातीनुसार ठरलेली असतात. त्यामुळे जाणकारास माशी न पाहताही, केवळ वनस्पती व गाठ पाहून माशीच्या जातीचा बराचसा अचूक अंदाज करता येतो.

ॲस्फॉंडिलिया या प्रजातीत या संबंधात तिसरा भागीदारही असतो. या प्रजातीच्या माद्या उदराच्या खालच्या बाजूस असलेल्या लहान खोबणींत कवकाचे बीजकण बाळगतात व अंडी घालताना ते वनस्पतीत सोडतात. पुढे गाठीच्या आतील भिंतीवर कवकाचे पांढरे अस्तर वाढते व अळी त्याच्या सान्निध्यात पोसली जाते. तीळ, करंज व मिरची यांवरील गादमाश्या याच प्रजातीतील आहेत.

प्राचीन परिचय : वनस्पतींवरील गाठी महाराष्ट्रातील घरांना नव्या नाहीत. बाळगुटीत उगाळले जाणारे मायफळ हे फळ नसून भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील प्रदेशात व पश्चिम आशियात होणाऱ्या एका ओक वृक्षावरील गाठ आहे. आयुर्वेदातील काकडशिंगी हीदेखील हिमालयातील पिस्त्याच्या वर्गातील वृक्षावर येणारी शिंगाच्या आकाराची गाठ होय. मायफळ गांधीलमाशीच्या वर्गातील एका लहान कीटकामुळे व काकडशिंगी माव्यामुळे तयार होते. औषध म्हणून या वस्तूंचे गुणधर्म पूर्वीपासून ज्ञात होते. परंतु त्या कीटकामुळे उत्पन्न होतात ही जाणीव त्या मानाने बरीच अलीकडची आहे. ‘मायफळ’ या नावातच तिला फळ समजण्याची जुनी कल्पना टिकून राहिली आहे.

यूरोपातही दीर्घ काळ गाठीतील अळी वनस्पतीपासूनच जन्मते अशी समजूत होती. मांसातील अळ्या माश्यांच्या अंड्यांपासून होतात हे प्रयोगाने दाखविणारे इटालियन वैद्य फ्रांचेस्को रेदी यांनीही १६६८ मध्ये गाठीतील अळ्यांच्या बाबतीत हीच जुनी कल्पना ग्राह्य धरली होती. त्यांचेच देशबांधव मार्चेल्लो मालपीगी यांनी १६७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वनस्पतींच्या शारीरविषयक ग्रंथाच्या दुसऱ्या भागात गाठींना स्वतंत्र प्रकरण दिले व गाठी कीटकांनी घातलेल्या अंड्यांमुळे उद्‌भवतात हे निरीक्षणाने सिद्ध केले. गाठींच्या शास्त्राचा प्रारंभ येथून मानला जातो.

शास्त्रीय अभ्यासाचा विकास : जर्मन कीटकवैज्ञानिक योहान मायगेन यांनी १८०३ मध्ये सेसिडोमायिया ही प्रजाती स्थापन केली व तिच्यावरून पुढे कुलाचे नाव पडले. १८६० नंतर थोड्याच वर्षांत रशियातील निकोलाय व्हॅग्नर यांना या कुलातील काही जातींच्या अळ्या प्रौढ न होताच नव्या अळ्यांना जन्म देतात असे आढळले. या शोधावर प्रथम अनेकांचा विश्वास बसला नाही. अमेरिकेत गव्हावर येणाऱ्या ‘हेसियन माशी’चे वर्णन टॉमस से यांनी १८१७ मध्ये केले. या माशीमुळे अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील गव्हाचे मोठे नुकसान होत होते. ठराविक तारखेनंतर पेरणी केल्यास पीक माशीच्या तडाख्यातून सुटते, हे तेथील शेतकऱ्यांस अनुभवाने कळले. पेरणीची वेळ साधून गादमाशी टाळण्याच्या उपायाचे हे एक जुने उदाहरण होय.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी या अभ्यासाचे केंद्र इटली व फ्रान्स येथे होते. मालपीगी यांच्या नावाने काढलेले मार्चेल्लिया हे केवळ गाठींच्या अभ्यासाला वाहिलेले नियतकालिक आलेस्सांद्रो ट्रॉटर यांनी १९०२ मध्ये सुरू केले. लॉरेन प्रांतातील बिच येथे अध्यापन करणारे धर्मगुरू झां-झाक कीफर (१८५७–१९२५) यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतील शेकडो गादमाश्यांचे वर्णन केले. त्यांनी व मास्सालोंगो यांनी १९०२ मध्ये ऑर्सिओलिया ही प्रजाती स्थापिली. तिचा आधार होती भूमध्य समुद्राच्या परिसरात हरळीवर गाठी करणारी एक माशी. महाराष्ट्रातील बांधाबांधावर वाढणारे व पूजेत वापरले जाणारे दूर्वेचे गवत ते हेच. भातावरील गादमाशीही याच प्रजातीतील असल्याचे पुढे ठरले. आंब्याच्या पानांवर वाटाण्याहून लहान गाठी करणाऱ्या प्रोकाँटारिनिया मॅटियाना या माशीचे वर्णनही कीफर यांनी चेक्कोनी यांच्यासमवेत १९०६ मध्ये केले.

सायप्रस बेटावरील अनुभव या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. तेथे खरनूब (कॅरोब) या शेंगाळू वृक्षाच्या शेंगा हे निर्यातीचे महत्त्वाचे उत्पन्न होते. काही शेंगा आखूड व सुजलेल्या राहून निकामी होत. त्यांतील माशीचे वर्णन फ्रेंच कीटकवैज्ञानिक पॉल मार्शल यांनी १९०४ मध्ये केले व बेटावरील कृषी अधिकारी गेन्नाडियस यांच्या सन्मानार्थ तिला ॲस्फॉंडिलिया गेन्नाडिआय हे नाव दिले. त्याच बेटावरील मिरचीच्या फळांत आढळलेल्या माशीचे वर्णन एच्. एफ्. बार्न्झ यांनी १९३२ मध्ये वेगळी जाती म्हणून केले. १९७५ च्या सुमारास तेथे झालेल्या संशोधनात मात्र खरनूब, रानकांद्याच्या वर्गातील समुद्रकांदा, मिरची व इतर वनस्पतींवर ऋतुमानाप्रमाणे क्रमाने वाढणाऱ्या माश्यांचा परस्परसंबंध पुढे आला. झाडाला शेंगा नसतील त्या काळात माशी डोंगरउतारावरील रानटी कंदाच्या फुलांत दिवस काढते, ही गोष्ट केवळ बागेत पाहणाऱ्यास कळणे शक्य नव्हते. शेतातील किडीचा इतिहास शेताबाहेरच्या वनस्पतींतही शोधावा लागतो, हा धडा यातून मिळाला.

भारतातील अभ्यास : भारतातील गादमाश्यांचा शास्त्रीय अभ्यास भातापासून सुरू झाला. बंगाल इलाख्यातील मुंगेर (सध्याच्या बिहारमधील) भागात भातावर आढळलेल्या माशीला कलकत्त्याच्या इंडियन म्यूझीयममधील जेम्स वुड-मेसन यांनी १८८९ मध्ये सेसिडोमायिया ओरायझी हे नाव दिले. नंतर ती पॅकिडिप्लोसिस प्रजातीत घालण्यात आली व बऱ्याच वर्षांनी ऑर्सिओलिया ओरायझी हे सध्याचे नाव रूढ झाले. जुन्या मराठी कृषी पुस्तकांत पॅकिडिप्लोसिस हेच नाव आढळते.

१९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथे कृषी संशोधन संस्था स्थापन झाल्यावर पिकांवरील कीटकांच्या संशोधनाला शिस्त आली. तेथील कीटकवैज्ञानिक मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी भारतीय कीटकांवरील आपला बृहद्‌ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध केला. या काळात गादमाश्यांची ओळख पटविण्याचे काम मात्र परदेशीच होत असे. न्यूयॉर्क राज्याचे कीटकवैज्ञानिक ई. पी. फेल्ट यांनी भारतातून पाठविलेल्या नमुन्यांवरून अनेक नव्या जातींचे वर्णन केले. तिळावरील ॲस्फॉंडिलिया सीसमाय ही त्यांपैकीच एक.

एम्. एस्. मणी (१९०८–२००३) यांच्या कार्यामुळे या क्षेत्रात भारत स्वावलंबी झाला. त्यांनी १९३० नंतरच्या दशकात भारतीय गादमाश्यांवर लेखमाला सुरू केली व पुढे आग्रा येथे कीटकविज्ञानाचे एक अभ्यासकेंद्र उभारले. वनस्पतींवरील गाठींचे परिस्थितिविज्ञान या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये हेग येथे व भारतातील गाठींवरील ग्रंथ १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. दुसऱ्या ग्रंथात वनस्पतींच्या कुलानुसार गाठींची मांडणी केलेली असल्याने वनस्पतिवैज्ञानिकांसही तो उपयुक्त ठरला. अलाहाबाद (सध्याचे प्रयागराज) येथे ग्रोव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंब्याच्या मोहोरावरील व इतर गादमाश्यांचा अभ्यास केला. या विषयाला वाहिलेले सेसिडॉलॉजिया इंडिका हे नियतकालिक १९६६ पासून तेथून निघू लागले. मराठवाड्यात औरंगाबाद (सध्याचे छत्रपती संभाजीनगर) येथे एस्. एन्. राव व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थानिक गादमाश्यांच्या वर्गीकरणाचे काम केले. शेताच्या बांधावरील गवते व रानातील झुडपे यांवरील माश्यांकडे महाराष्ट्रात पद्धतशीरपणे लक्ष दिले गेले, ते या कामामुळे.

भातावरील गादमाशी : महाराष्ट्रात या किडीचा उपद्रव मुख्यत्वे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या तलावांच्या जिल्ह्यांत होतो. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस व भरपूर आर्द्रता तिला मानवते. मादी १०० ते २०० अंडी घालते. अळीला रोपावरील ओलाव्याच्या पातळ थरातून सरकत वाढत्या कोंबापर्यंत जावे लागते. हवा कोरडी असल्यास बहुतेक अळ्या वाटेतच मरतात. कोंबाशी पोहोचलेल्या अळीमुळे पान न उमलता पानाचे आवरक कांद्याच्या पातीसारखे पोकळ, लांब व चंदेरी होते. अशा फुटव्यास लोंबी येत नाही. रोप नवे फुटवे फोडून नुकसान भरून काढण्याचा प्रयत्न करते. परंतु नवे फुटवेही माशीला आयतेच मिळतात. एका पिढीला दोन ते तीन आठवडे पुरत असल्याने एका हंगामात अनेक पिढ्या होतात. लवकर रोवणी झालेले पीक बहुधा सुटते व पाऊस लांबल्यामुळे उशिरा रोवलेले पीक सापडते, हा या भागातील नेहमीचा अनुभव होय. तलावाच्या पाण्याची वाट पाहणाऱ्या लहान शेतकऱ्याला रोवणीची वेळ स्वतः ठरविता येत नाही व म्हणून नुकसान त्याच्याच वाट्याला अधिक येते.

उन्हाळ्यात ही माशी कोठे राहते, हा प्रश्न बरीच वर्षे वादाचा होता. हरळी व इतर गवतांवर तशाच गाठी दिसत असल्याने ती गवते माशीची पर्यायी आश्रयस्थाने समजली जात व बांध स्वच्छ ठेवण्याचा सल्ला दिला जाई. नंतरच्या संशोधनात गवतांवरील माश्या बहुतांशी ऑर्सिओलिया प्रजातीच्याच, पण भिन्न जातींच्या असल्याचे दिसून आले. भातावरील माशीचा खरा आसरा म्हणजे तळ्याकाठचे रानटी भात (देवधान) व कापणीनंतर धसकटांना फुटणारे कोंब होत. गवतावरील माश्या भाताला अपाय तर करीत नाहीतच. उलट त्यांच्यावर जगणारे काही परोपजीवी कीटक भातावरील माशीवरही जगत असावेत, असा तर्क आहे. भातावरील माशीचा सर्वांत महत्त्वाचा शत्रू प्लॅटिगॅस्टर ओरायझी ही अतिसूक्ष्म गांधीलमाशी होय. तिच्या एका अंड्यापासून अनेक जीव तयार होतात व एका अळीच्या शरीरातून पुष्कळ गांधीलमाश्या बाहेर पडतात.

प्रतिकारक्षम वाणांचा शोध हा या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा होय. वरंगळ येथे एश्वरकोरा या जुन्या देशी वाणापासून डब्ल्यू १२६३ हा प्रतिकारक्षम वाण तयार झाला. सयाम २९ या वाणापासून आलेल्या प्रतिकारशक्तीवर फाल्गुना हा वाण बेतलेला होता व तो मोठ्या क्षेत्रावर पसरला. १९८६ मध्ये आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनारी भागात फाल्गुना वाणावरच गादमाशीचा उद्रेक झाला. माशीच्या समष्टीत त्या वाणाला न जुमानणारा नवा जैव प्रकार प्रबळ झाला होता. आतापर्यंत भारतात असे सात जैव प्रकार ओळखले गेले आहेत. वनस्पतीतील एका प्रतिकारक जनुकाला माशीतील एक जनुक उत्तर देतो, हे तत्त्व हेसियन माशीच्या बाबतीत हॅचेट व गॅलन यांनी १९७० मध्ये दाखविले होते. भारतातील भाताने त्याचा प्रत्यय आणून दिला. एकाच वाणाचा सर्वत्र प्रसार झाल्यास माशीपुढे एकच कुलूप राहते व त्याची किल्ली तिला लवकर सापडते. पूर्व विदर्भात सिंदेवाही व साकोली येथील संशोधन केंद्रांत स्थानिक माशीसमोर वाणांची परीक्षा घेण्याची जी पद्धत पडली, तिचे महत्त्व यावरून कळते.

ज्वारीवरील मिजमाशी : स्टेनोडिप्लोसिस सॉर्घिकोला (पूर्वीचे नाव काँटारिनिया सॉर्घिकोला) ही माशी गाठ करीत नाही; परंतु महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतीच्या दृष्टीने या कुलातील ती एक प्रमुख जाती होय. तिचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील नमुन्यांवरून झाले असले, तरी ज्वारीप्रमाणेच तीही मूळची आफ्रिकेतील असावी. वाळलेल्या कणिशकांत सुप्तावस्थेतील अळ्या दीर्घ काळ टिकतात व बियाण्याबरोबर दूरवर जातात. यामुळे ज्वारी पिकविणाऱ्या बहुतेक देशांत ती पोहोचली.

मादी सकाळच्या वेळी फुलोऱ्यात आलेल्या कणसावर येऊन तुसांच्या आत एकेक अंडे घालते. अळी किंजपुटाचा रस शोषते व दाणा भरत नाही. कणीस दुरून चांगले दिसते, पण हाताळल्यास त्यातील कणिशके पोकळ लागतात. माशी बाहेर पडून गेल्यावर कणिशकाच्या टोकाशी कोशाचे पांढरे पारदर्शक आवरण चिकटून राहते. तीच तिची खूण होय. अंड्यापासून प्रौढापर्यंतची वाढ सु. दोन आठवड्यांत पूर्ण होते. पीक फुलोऱ्यात असेपर्यंतच माशीला संधी असते. म्हणून जवळपासची शेते एकदम फुलली, तर माश्या विभागल्या जातात व प्रत्येक शेताचे नुकसान अल्प होते. शेते मागेपुढे फुलली, तर आधीच्या शेतात वाढलेल्या माश्या नंतर फुलणाऱ्या शेतावर एकवटतात.

जुने देशी वाण दिवसाच्या लांबीला संवेदनशील होते. पेरणीत काही दिवसांचा फरक पडला तरी पावसाळ्याच्या अखेरीस ते जवळजवळ एकाच वेळी निसवत. भारतातील ज्वारीचा पहिला संकरित वाण सीएसएच-१ हा १९६४ मध्ये प्रसारित झाला व महाराष्ट्रात खरीप हंगामात त्याचा व त्यानंतरच्या संकरित वाणांचा झपाट्याने प्रसार झाला. हे वाण लवकर तयार होणारे व दिवसाच्या लांबीला फारसे न बांधलेले होते. त्यांच्यामुळे उत्पादन वाढले व १९७२ च्या दुष्काळानंतरच्या काळात त्याचे मोल मोठे होते. परंतु एकाच शिवारात लवकर फुलणारे संकरित व उशिरा फुलणारे देशी वाण शेजारी शेजारी आल्याने फुलोऱ्याचा काळ लांबला. संकरित पिकावर वाढलेली माशी देशी पिकावर तुटून पडे. ज्याने नवे बियाणे घेतले त्याचे पीक पुष्कळदा निभावले व ज्याला ते घेणे परवडले नाही त्याची कणसे पोचट राहिली. गावाने मिळून एका आठवड्यात पेरणी करावी, हा त्या काळी देण्यात आलेला सल्ला शास्त्रदृष्ट्या अचूक होता. परंतु पाऊस, बैल व पैसा यांची जुळणी सर्वांची एकाच वेळी होत नसल्याने तो अमलात आणणे कठीण होते. खळ्यावरील भुसकट जाळणे व बांधावरील बरू हे ज्वारीचे रानटी भाईबंद गवत काढून टाकणे हे इतर उपाय होत.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत डीजे ६५१४ या प्रतिकारक वाणापासून नवे वाण निर्माण करण्यात आले. अशा वाणांत तुसे आखूड व घट्ट मिटलेली असतात आणि दाणा प्रारंभी वेगाने वाढतो, त्यामुळे माशीला अंडी घालण्यास जागा व वेळ मिळत नाही. दरम्यान महाराष्ट्रातील खरीप ज्वारीचे क्षेत्र सोयाबीन, कापूस इ. पिकांमुळे फार घटले व मिजमाशीचा प्रश्नही मागे पडला. कोणत्याही औषधापेक्षा आश्रयी पिकाच्या या माघारीनेच तिला अधिक आवर घातला.

प्रवरा खोऱ्याचे उदाहरण : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यातील प्रवरेकाठचे बेलापूर व त्याचा परिसर हा आश्रयी वनस्पती व मानवी हस्तक्षेप यांचा संबंध समजून घेण्यास सोईचा आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेत मोडतो. येथील जुने पीक म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी जमिनीतील ओलीवर पेरली जाणारी रब्बी ज्वारी. ती थंडीच्या दिवसांत फुलते. त्या वेळी कोरड्या व थंड हवेमुळे मिजमाशीची हालचाल मंदावलेली असते. त्यामुळे खरीप ज्वारीच्या पट्ट्यांना जो त्रास झाला तसा रब्बी ज्वारीला सहसा होत नाही. पिकाचा हंगाम हेच येथे पिकाचे संरक्षण ठरले आहे.

भंडारदरा येथील धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले व प्रवरेच्या कालव्यांमुळे या भागाचे रूप पालटले. ऊस, भाजीपाला, फळबागा व उन्हाळी पिके आली आणि एरवी वर्षातील काही महिने उघडे राहणारे रान बारमाही हिरवे झाले. उसावर गादमाशीचा उपद्रव नाही. परंतु पाटाच्या कडेला हरळी बारा महिने ओली राहू लागली व मिरचीसारखी पिके निरनिराळ्या हंगामांत घेतली जाऊ लागली. ज्या कीटकाच्या पिढ्या फुलोऱ्याच्या काळावर अवलंबून असतात, त्याच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हे.

कालव्याच्या पलीकडील कोरडवाहू रानात व गावाभोवती जुन्या आश्रयी वनस्पती टिकून आहेत. दसऱ्याला पूजिल्या जाणाऱ्या शमीवर लोबोप्टेरोमायिया प्रजातीच्या माश्यांमुळे गाठी होतात. करंजाच्या झाडावर दोन प्रकारच्या गाठी येतात. पानांवरील पुरळासारख्या गाठी सूक्ष्म कोळ्यांमुळे होतात, तर फुलाच्या कळ्या फुगून गोळ्यासारख्या होणे हे ॲस्फॉंडिलिया पाँगॅमिई या गादमाशीचे काम असते. दोन्ही गाठी एकाच रोगाच्या समजून एकच उपाय करणे व्यर्थ होय. तिळाच्या कळ्याही अशाच फुगतात व त्यांत बोंड धरत नाही. आंब्याच्या पानांवरील गाठींमुळे जुन्या झाडाचे फारसे बिघडत नाही. मोहोरावरील माशीमुळे मात्र फळधारणा कमी होते. या सर्व जातींत शमी किंवा करंज यांवरील माशी ज्वारी वा तिळावर जात नाही. रानातील प्रत्येक गाठ पिकाला धोका समजून झाड तोडणे म्हणूनच अनाठायी ठरते. उलट, अशा गाठींत निरनिराळ्या परोपजीवी गांधीलमाश्या वर्षभर जगत असतात.

याच जिल्ह्यात राहुरी येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात रब्बी ज्वारी व इतर पिकांवर संशोधन चालते. पिकांवरील माश्यांची माहिती त्यामुळे बरीच जमा झाली आहे. रानटी वनस्पतींवरील माश्यांची नोंद मात्र त्या मानाने थोडी आहे.

अभ्यासाची सद्यःस्थिती : एके काळी गादमाशीची जाती आश्रयी वनस्पतीवरून ठरवीत, वनस्पती वेगळी दिसली की माशीलाही नवे नाव मिळे. या रीतीने भारतात वर्णिलेल्या अनेक जातींचे मूळ नमुने अपुरे किंवा खराब झालेले आहेत व त्यांची फेरतपासणी आवश्यक आहे. डीएनएच्या तुलनेने आता दोन्ही दिशांनी दुरुस्ती होत आहे. एक समजलेली माशी अनेक जातींची निघते, तर निरनिराळ्या वनस्पतींवरील माश्या एकाच जातीच्या ठरतात. या तपासणीसाठी आश्रयी वनस्पती जागेवर शिल्लक असावी लागते. पडीक रान, गावठाणाची शमी, तळ्याकाठचे देवधान व देशी वाण ही या कीटकांच्या इतिहासाची साधने होत. भातावरील पहिला प्रतिकारक वाण एश्वरकोरासारख्या जुन्या वाणामुळे मिळाला, हे ध्यानात घेता ती नाहीशी होणे ही शेतीचीही हानी आहे. माशीची अळी गाठीत काही आठवडेच राहते. परंतु तिच्या बंदोबस्ताचा मार्ग पुष्कळदा आश्रयी वनस्पतीचा वाण, तिच्या पेरणीची वेळ व तिचे रानटी भाईबंद यांच्या माहितीतूनच सापडलेला आहे.